लुगड्याआडची अळंबी

ट्रंग्ग... स्टीलची वाटी मोरीच्या कट्ट्यावरून घसरली, फरशीवर पडली आणि गोल गोल फिरत राहिली.

पाडा अजून जागा झाला नव्हता. पाऊस नुकताच थांबला होता, कोंबडं आरवायचं होतं, आणि एवढ्या शांततेत ती वाटी काही केल्या थांबेना. शितलने धावत येऊन तिच्यावर पाय दाबला. मग श्वास रोखून उभी राहिली. शेजारच्या घरात सोनीबाई खोकते का, ते ती ऐकत होती. कुणी खोकलं नाही. तेव्हा तिने हळूच कडी काढली, टोपली पदराखाली घेतली आणि चिखल चुकवत माझ्याकडे आली.

मित्रांनो, ती चोरीला निघाली नव्हती बरं. ती मला खुडायला आली होती, आणि मी तर तिच्याच दारातल्या मोहावर उगवले होते.

मी अळंबी. जुन्या मोहाच्या पोटात नऊ वर्षं राहिलेली. तुम्ही मला पाहिलीत तर म्हणाल, झाडाला शिंपले कुठून आले? नरपडच्या किनाऱ्यावर पाणी ओसरल्यावर दिसतात तसे पांढरे, एकावर एक चढलेले. पण ते फक्त माझं फळ. खरी मी लाकडाच्या आत असते, केसाहून बारीक पांढऱ्या धाग्यांची. लाकडातून येणारा प्रत्येक धक्का मला कळतो. अंगणात कोण धावलं, बुंध्याला कुणी पाठ टेकली, कोण हसलं, कोण रडलं, सगळं कळतं. फक्त मला तोंड नाही. ओरडून सांगता येत नाही.

आणि सांगण्यासारखं तर फार मोठं होतं. तो मोह आतून पोकळ होत चालला होता. त्याला पोकळ करणारी मीच होते. आणि तो घराच्या बाजूला कललेला होता.

माझी गोष्ट सुरुवातीपासून सांगते, म्हणजे तुम्हाला माझा घोर कळेल.

डहाणूहून रानशेतकडे आत गेलं की डोंगराच्या पायथ्याशी हा पाडा आहे. नऊ वर्षांपूर्वी इथे प्रविणचं घरकुल बांधून झालं. पक्क्या भिंती, वर पत्रे, पुढे पडवी. अंगणातला मोह मात्र घरापेक्षा कितीतरी जुना. प्रविणच्या आज्याने त्याच्या सावलीत बैल बांधले होते. त्याची एक फांदी नव्या पत्र्यांवर आली होती, म्हणून प्रविण कोयता घेऊन शिडीवर चढला.

त्याची आई, नवशी, खालून म्हणाली, "तोडतोस तर बुडापासनं नीट तोड रे. ठुणका ठेवू नको."

"आये, लगीन चार दिसांवर आलंय. मांडव घालू की फांद्या तासत बसू?"

त्याने फांदीचा हातभर ठुणका खोडाला तसाच ठेवला. फांदी पडताना साल सोलत खाली गेली. जखम उघडी राहिली. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचलं, आणि जंगलातल्या एका पडक्या झाडावरून वाऱ्याबरोबर उडत आलेली मी त्या ओल्या जखमेत जाऊन पडले. धुळीच्या कणाहून लहान होते तेव्हा. मोहाने मला बाहेर काढायचा प्रयत्न केला. जखमेच्या कडेने नव्या सालीचा ओठ आणला, तोंड मिटायला बघितलं. पण ठुणका आड येत होता, जखम मिटेना. मी आत सरकले. मित्रांनो, माझ्या मनात वाईट काही नव्हतं. मला भूक लागली होती, इतकंच.

लग्न होऊन शितल तलासरीकडच्या एका पाड्यावरून या घरात आली. पहिल्याच आठवड्यात ती मोहाला टेकून आईशी फोनवर बोलत होती. "हो गं, जेवते नीट. नाय रडत. सर्दी झालीय," म्हणत होती, आणि तिच्या पाठीचं हलणं मला लाकडातून कळत होतं. तेव्हापासून ती माझी झाली. दोन वर्षांनी निलम झाली. खालच्या फांदीला जुन्या साडीची झोळी बांधून शितल तिला निजवायची. झोळी हलली की फांदी हलायची, फांदी हलली की मीसुद्धा झोपेत असल्यासारखी हलायचे. ते दिवस मला फार आवडले.

पाचव्या पावसाळ्यात मला पहिलं फळ आलं. श्रावण होता. शितल भांडी घासायला बाहेर आली आणि राख हातात तशीच धरून ओरडली, "आत्या, या लवकर! मोहाला काय आलंय बघा!"

नवशी आली. वाकली. एक शिंपला मोडला, उलटा करून पाहिला, नाकाशी धरला, बोटांत चुरला. सून तिच्या तोंडाकडे बघत उभी.

"ही आपल्या ओळखीची," नवशी म्हणाली. "माझी आयस सावरीच्या खोडावरनं आणायची. पण एक सांगते बाय, जी ओळखीची नाय तिला हात लावायचा नाय. दिसायला सगळ्या बहिणी, पण एखादी जीव घेते. आणि बोट नको दाखवू तिच्याकडं. लाजते ती. परत येत नाय."

मग पहिली ओंजळ पळसाच्या पानावर ठेवून तिने मोहाच्या मुळाशी देवाला दाखवली. उरलेली चुलीवर गेली. कांदा, लसूण, लाल मिरची, बरोबर तांदळाची भाकर. प्रविण नरपडच्या चिकूच्या वाडीतून काम करून आला होता. दोन घास खाऊन म्हणाला, "आये, मटणाला मागं टाकलं हिनं." दोन वर्षांच्या निलमने ताटली इतकी चाटली, की शितल म्हणाली, "अगं, ताटलीवरची नक्षी तेवढी ठेव."

मी फुलून गेले. जन्मात कुणी माझं कौतुक केलं नव्हतं. जंगलात कोण करणार?

जेवताना नवशीने आणखी एक गोष्ट सांगितली. "जागा कुणाला सांगायची नाय. जो बघेल त्याची अळंबी." जंगलातल्या जागेला तो नियम ठीक होता. रानात कोण कुठे वाकलं हे कोण बघतंय? पण मी अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. शितलने विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी नवशीचं एक जुनं लुगडं मोहाच्या बुंध्याला गुंडाळून गाठ मारली.

सोनीबाईच्या नजरेतून असं काही सुटतं होय? ती पाण्याचा हंडा घेऊन जाता जाता थांबली.

"काय गो शितल, झाडाला लुगडं नेसवलंस? लगीन काढलंय काय त्याचं?"

"शेळ्या साल खातात, काकी."

"तुझ्याकडं कुठं आल्या शेळ्या?"

"तुमच्याच येतात ना!"

सोनीबाई हंडा सावरत हसली आणि गेली. शितलही हसली. मीही हसले असते. लुगड्याआड गारवा राहायचा, ओल टिकायची, मी दर वर्षी जास्तच फुटायचे. शितल सगळे उठायच्या आत यायची, लुगडं बाजूला सारायची, हलक्या हाताने खुडायची. एकदा माहेरी जाताना पानात बांधून घेऊन गेली. परत आली तेव्हा नवशीला सांगत होती, "आई म्हणाली, असलं झाड दारात हाय तर पोरीचं नशीब चांगलं."

ते ऐकलं आणि पहिल्यांदा मला भीती वाटली.

कारण तोवर मी पार खाली पोचले होते. मोहाच्या मधलं घट्ट, तांबूस लाकूड, ज्याच्या जोरावर तो एवढी वर्षं उभा होता, ते मी खाल्लं होतं. जिथे लाकूड होतं तिथे आता फिकट, ओला भुगा. दुधात कालवलेल्या भाकरीसारखा. वरून मोह तसाच हिरवा. चैत्रात फुलं गाळत होता, निलम ती वेचून फ्रॉकच्या ओच्यात भरत होती. पानं, फुलं, साल बघून सगळे म्हणत, किती जोमात आहे! कारण झाड जगतं ते सालीलगतच्या पातळ थरावर. पण उभं राहतं ते आतल्या लाकडावर. ते आता फारसं राहिलं नव्हतं.

निलम सहा वर्षांची झाली तेव्हा प्रविणने झोळीच्या जागी दोराचा झोका बांधून दिला. घराकडच्या फांदीला. ती शाळेतून आली की दप्तर पडवीत फेकायची आणि झोक्यावर. "आई, बघ! पत्र्याला पाय लागतोय!" ती पुढे गेली की बुंध्याच्या मागच्या बाजूच्या शिरा ताणल्या जायच्या, मागे आली की सुटायच्या. कट्. कट्. बाहेर ऐकू येत नव्हतं ते. मला येत होतं. रोज एखादी शीर तुटायची. मी मोजणं सोडून दिलं. मोजून करणार काय?

तुम्ही म्हणाल, खायचं थांबवायचं होतंस. मित्रांनो, मी थांबायचा विचार केला. पण माझे धागे म्हणजे काही हात नाहीत, आखडून घ्यायला. मला जगायचं तर पुढेच जावं लागतं. आणि माझ्या मागून मुंग्या आल्या होत्या, किडे आले होते, ठुणक्यातून पाणी झिरपत होतं. आता मी मेले असते तरी झाड काही भरून आलं नसतं.

मग मला एकच सुचलं. माझ्याजवळ बोलायला फळाशिवाय दुसरं काही नाही. तेव्हा फळानेच सांगायचं ठरवलं. यंदाच्या पावसाळ्यात मी लुगड्याच्या खाली उतरले. मुळांच्या फटीतून, जमिनीलगत, चारी बाजूंनी फुटले. एवढी, की टोपली पुरू नये. म्हटलं, हे बघून तरी कुणी विचारेल, हिला एवढं खायला मिळतंय कुठून?

ती वाटी पडली ना, तो हाच दिवस. शितल खाली वाकली, आणि तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. आनंदाने.

"पावलीस गं बाय," ती माझ्या कानात सांगावं तसं म्हणाली. टोपली शिगोशीग भरली. मग घरात गेली, आणखी एक जुनी साडी घेऊन आली आणि ती थेट मुळांपर्यंत गुंडाळली.

मी जीव तोडून हाका मारत होते. तिला वाटलं, मी दान देतेय.

तरी मी आशा सोडली नव्हती, कारण पाड्यावर एक माणूस होता ज्याला माझी भाषा येत होती. हाल्यामामा. त्याचं सगळं आयुष्य झाडांत गेलं. किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये वठलेली झाडं उतरवायला त्यालाच बोलावतात. कुऱ्हाडीचा माथा खोडावर आपटून तो झाडाचं पोट ओळखायचा. भादव्यात एका दुपारी तो सोनीबाईकडे निघाला होता, ऊन लागलं म्हणून मोहाखाली टेकला. शितलने तांब्या दिला.

पाणी पिता पिता त्याचा तळहात लुगड्यावर पडला. ओल लागली तसा त्याने हात तिथेच ठेवला. दाबला. माझ्या सगळ्या धाग्यांमधून काटा गेला. मामा, उघड! उघड ते!

"हे काय गुंडाळलंस पोरी? बुंधा ओला राहिला की सडतो."

तो गाठ सोडायला लागला. आणि शितल घाबरली. आत अळंबी होती, आणि मामा सोनीबाईकडेच चालला होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "हात नको लावू मामा. नवस हाय."

हाल्यामामाचे हात जागच्या जागी थांबले. त्याने गाठ पुन्हा नीट आवळली, दोन पावलं मागे सरला आणि मोहाला हात जोडले. "माफी देवा. मला काय ठाऊक?" नवसाच्या झाडाला कुऱ्हाडीवाल्याने हात लावायचा नसतो. ते त्याने जन्मभर पाळलं होतं. आज कसं मोडेल?

जाता जाता मात्र त्याने वर पाहिलं. "शेंडा सुकलाय याचा. बघ कधीतरी," एवढं बोलला आणि गेला.

संध्याकाळी शितलने प्रविणला सांगितलं. प्रविण हात धूत म्हणाला, "त्याला सगळीच झाडं सुकलेली दिसतात. कुऱ्हाड खाजते त्याची."

नवशी मात्र भाकरी थापता थापता थांबली. "खोटा नवस बोललीस?"

"चुकून आलं तोंडात, आत्या."

"कुणासाठी बोललीस ते तरी सांग. देव विचारेल तेव्हा मला उत्तर द्यायला लागेल."

शितलने चुलीत लाकूड सारलं. पण त्या दिवसापासून ती अंगणात आली की वर बघायची. शेंड्याच्या चारदोन काटक्यांना खरंच पानं नव्हती. ती बघायची, आणि मग झोक्यावरच्या निलमकडे बघायची, आणि मग स्वतःलाच काहीतरी समजावून कामाला लागायची. तिच्या मनात काहीतरी टोचत होतं. मी म्हणत होते, टोचू दे. आणखी टोचू दे.

आश्विन लागला. लवकर पिकणारं हळवं भात पिवळं झालं होतं. रोज दुपारनंतर डोंगरामागून काळं यायचं, गडगडायचं, वारा सुटायचा आणि तासाभरात सगळं मोकळं व्हायचं. रोज वारा आला की मी मोहाला धरून ठेवायचा प्रयत्न करायचे. हसू नका. ज्याने पोखरलं त्यानेच धरून ठेवायचं, हे मलाही विचित्र वाटायचं. पण दुसरं काय करणार होते?

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. निलम सकाळपासून झोक्यावर. शितलने बुंध्यावरची साडी सैल केली आणि मुळाशी उशिरा आलेला माझा एक घोस खुडायला हात घातला. घोस मोठा होता, देठ खोल होतं. तिने बोटं आत सरकवली. आणखी थोडी. हात मनगटापर्यंत आत गेला.

झाडाच्या आत.

ती थिजली. हळूच मूठ मिटून तिने हात बाहेर काढला. मुठीत ओला, फिकट भुगा होता आणि त्यात माझे पांढरे धागे. तिने मूठ आवळली तर बोटांतून पाणी गळलं. वर दोर करकरत होता. कर्र... कर्र... "आई, आज लाथ मारू का पत्र्याला?"

"निलम, खाली ये."

"थांब गं, एकच—"

"निलम!"

पोरीने आयुष्यात असा आवाज ऐकला नव्हता. ती उडी मारून उतरली. शितलने तिला उचललं, एवढ्या मोठ्या पोरीला कडेवर घेतलं, आणि पळत रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं. मग परत येऊन तिने दोन्ही गाठी ओढल्या. साडी पडली. लुगडं पडलं. पाच वर्षांनी बुंधा उघडा झाला. साल काळी, भिजलेली, जागोजागी सुटलेली. आणि चहूकडे मी.

सोनीबाई दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अस्सं! म्हणजे माझ्या शेळ्यांवर आळ घेऊन पाच वरस तू एकटी—"

"काकी, नंतर शिव्या द्या," शितलने बुंध्यातला मूठभर भुगा काढून पुढे धरला. "झाड पोकळ हाय. घरावर येईल. हाल्यामामाला बोलवा. मी नवस खोटा बोलले, तेपण सांगा त्याला."

सोनीबाईने तिच्या मुठीतला भुगा पाहिला आणि तोंड मिटलं. पदर खोचला, आणि मित्रांनो, त्या जाडजूड बाईला पळताना मी पहिल्यांदाच अनुभवलं. जमीन हलत होती.

हाल्यामामा आला. त्याने कुऱ्हाडीचा माथा बुंध्यावर आपटला. ढब. दुसऱ्या बाजूने. ढब. रिकाम्या कणगीसारखा आवाज. तिसऱ्यांदा त्याने आपटलंच नाही. घराकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. डोंगरामागे काळं चढत होतं.

"घर रिकामं करा. वारा यायच्या आत उतरवायला लागेल."

नवशी पडवीतून उतरेना. "माझ्या सासऱ्याच्या हातचा हाय तो."

"म्हणूनच म्हणते आत्या, खाली या," शितल तिचा हात धरून म्हणाली. "तो पडला तर तुमच्यावर पडेल, आणि मग कोण कुणाला रडणार?"

तिने प्रविणला फोन लावला. तो वाडीत होता. "थांब, घाई नको. रविवारी बघू," तो म्हणाला.

"रविवारपर्यंत निलमला कुठं निजवू? तेवढं सांग."

मग प्रविण म्हणाला, "निघालो."

तो येईपर्यंत कुणी थांबलं नाही. पाड्यातली माणसं जमली. वर चढायला हाल्यामामाने कुणालाच दिलं नाही. दोरीला दगड बांधून तो वरच्या बेचक्यातून फेकला, मग त्या दोरीने जाड दोर वर ओढून घेतला. दोराचं दुसरं टोक शेताच्या बाजूला. बारा माणसं आणि सोनीबाई.

"पोकळ झाडाचा भरवसा नाय," मामा ओरडला. "खाच घेतली की कधी खाली बसेल सांगता येत नाय. मी हाक दिली की ओढा, आणि माझ्याकडं बघू नका!"

पहिला घाव बसला. मला वाटलं होतं, दुखेल. दुखलं नाही. त्या जागी मोह उरलाच नव्हता, मीच होते. दुसरा, तिसरा. तेवढ्यात वारा आला. पहिलाच झोत घराच्या दिशेने. मोह कलला. पत्र्यांकडे. दोर गिटारीच्या तारेसारखा ताणला गेला, माणसं चिखलात घसरली. आत उरलेल्या शिरा एकामागून एक तुटू लागल्या, आणि आता तो आवाज बाहेरही ऐकू येत होता. प्रविण कुणाच्या तरी मोटारसायकलवरून उडी टाकून आला आणि दोराला लटकला. त्याच्या पुढे शितल होती, तळहात सोलवटलेले.

"ओढा!"

मी माझ्याजवळचं सगळं सोडून दिलं. घराच्या बाजूला जे काही धरून होते ते सगळं. खरं सांगते, त्याने काही फरक पडला की नाही मला माहीत नाही. पण मोह वळला. एक क्षण सरळ उभा राहिला, जसा प्रविणच्या आज्याच्या वेळी असेल, आणि मग शेताकडे गेला. धाड! शितलचा काकडीचा मांडव गेला, धुणं धुवायचा दगड दुभंगला. पडवीच्या कोपऱ्यातला एक पत्रा फांदीने ओरबाडून नेला. बरोबर त्याखाली निलमची गोधडी वाळत होती.

माणसाला मात्र एकालाही इजा झाली नाही.

खोड मधोमध फुटलं होतं. आत कोळ्याने घर केल्यासारखं पांढरंशुभ्र. लोक वाकून बघत होते. प्रविणने वरचा जुना ठुणका पाहिला, त्याच्यापासून खाली जाणारी सडकी वाट पाहिली. बोटाने ती वाट खालपर्यंत चाचपत आला. नवशी तेवढं बोलली, "मी सांगितलं होतं." तेही हळूच. जणू त्याला लागू नये म्हणून.

मित्रांनो, माझ्यासारखीला शहाणपण सांगायचा अधिकार आहे का, ठाऊक नाही. तरी सांगते. फांदी तोडावी लागली तर ठुणका ठेवू नका, जखमेला मिटायची वाट द्या. अळंबी दिसली तर घरातल्या जाणत्या माणसाला विचारल्यावाचून तोंडात घालू नका. आणि उभ्या, हिरव्या झाडाच्या बुंध्यावर आम्ही दिसलो, तर आम्हाला खुडाच, पण झाकू नका. झाडं ओळखणाऱ्याला हाक मारा. आम्ही चवीच्या असतो, म्हणून आम्ही फक्त चांगलीच बातमी आणतो असं समजू नका.

पाऊस संपता संपता, आडव्या पडलेल्या खोडावर मला शेवटचा बहर आला. उघड्यावर, उन्हात. सोनीबाई स्वतःची टोपली घेऊन आली आणि कुणी बोलवायच्या आत बसली. "पाच वरसांची बाकी हाय माझी," म्हणत तिने भराभर खुडायला सुरुवात केली. शितल बाजूला बसून होती. टोपली जवळ होती, हात मांडीवर.

"खुड की गो. आता तर मेलेल्या झाडावरची हाय. आता कुणाचं काय जातंय?" सोनीबाई म्हणाली.

शितलने एक शिंपला खुडला. निलम तिच्या गुडघ्याला चिकटून उकिडवी बसली होती. फुटलेल्या खोडाच्या आत, भुग्यात, ती बराच वेळ बघत होती. मग तिने आईच्या हातातल्या अळंबीकडे पाहिलं. मला कान असते तर मी ते झाकून घेतले असते.

"आई, आपण हिची भाजी खायचो ना, तेव्हा मोहाला दुखत होतं का गं?"